गेलेल्यांचं झाकलेलं

२०२० च्या जूनमध्ये आम्ही सगळे गावच्या घरी अडकलो होतो. लॉकडाऊन, बाहेर पाऊस, आणि घरात आजीची खोली आवरायचं काम. आजी चार महिन्यांपूर्वी गेली होती. तिच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेच्या तळाशी, एका विरलेल्या नऊवारीच्या घडीत, पत्रांचं पुडकं निघालं. आत्याने वरचं पत्र उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि घडी घालून परत ठेवलं.

“गेलेल्या माणसाचं झाकलेलं उघडू नये गं,” ती म्हणाली. संध्याकाळी पुडकं बंबात घालायचं ठरलं.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी एकेक पत्र खिडकीच्या उजेडात धरलं आणि फोनवर फोटो काढले. वाचलं नाही. नुसते फोटो काढले. संध्याकाळी बंबात पत्रं जळताना मी तिथेच उभी होते आणि फोन माझ्या खिशात होता.

त्याच आठवड्यात त्याच फोनवर एक बातमी आली. आयर्लंडमधल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका दगडी थडग्यातल्या पुरुषाच्या हाडाचा डीएनए शास्त्रज्ञांनी वाचला होता. त्यावरून कळलं होतं की त्याचे आईवडील एकमेकांचे अगदी जवळचे रक्ताचे नातेवाईक होते. सख्खे भाऊ-बहीण, किंवा आई-मुलगा, किंवा बाप-मुलगी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या माणसाला ‘राजा’ करून टाकलं आणि त्याच्या जन्माचा मथळा केला. मी तो मथळा वाचला, पुढे दोघातिघांना पाठवला, आणि मग एकदम आत्याचं वाक्य आठवलं.

हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे. पत्रांत काय होतं ते मात्र इथे येणार नाही. का, ते शेवटी सांगते.

सूर्य आत येतो

थडग्याचं नाव न्यूग्रेंज. डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या वळणावर. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षाही काही शतकं जुनं. सुमारे ८५ मीटर व्यासाचा दगडमातीचा गोल उंचवटा, त्याच्या कडेने ९७ मोठ्या शिळा. आत जायला १९ मीटर लांब, अरुंद वाट आणि वाटेच्या शेवटी एक दालन. दालनाचं छत दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत मिटत आणलेलं आहे. चुना नाही, सिमेंट नाही, आणि तरी आत पावसाचं पाणी येत नाही.

दाराच्या वर एक झरोका ठेवलेला आहे. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून शिरतो, वाटेवरून पुढे सरकत थेट दालनात पोचतो आणि सतराएक मिनिटांनी मागे फिरतो.

१६९९ मध्ये जमीनमालकाची माणसं दगड काढत असताना ही वाट उघडी पडली. नीट शास्त्रीय उत्खनन झालं ते १९६२ ते १९७५ या काळात, मायकेल ओकेली यांच्या हातून. सूर्य आत येतो, असं आसपासचे लोक सांगायचे. ओकेली १९६७ च्या २१ डिसेंबरला पहाटे अंधारात एकटे आत जाऊन थांबले, आणि सूर्य आला.

याच उत्खननात दालनातून काही जळलेली, काही न जळलेली माणसांची हाडं मिळाली, सगळी मिळून पाचेक माणसांची. त्यांतला एक कवटीचा तुकडा, आतल्या कानाभोवतीचं अतिशय घट्ट हाड, पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या लारा कॅसिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. या हाडात डीएनए सगळ्यांत चांगला टिकतो. माणसाचं बाकी सगळं गेलं. नाव, भाषा, त्याला कशाचं हसू यायचं आणि कशाची भीती वाटायची, काही उरलं नाही. उरली ती आईबापांची भानगड.

‘भानगड’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तो डीएनएमध्ये नव्हता. तो आपण आणला, आणि त्याच्याकडे परत यायचं आहे.

मेलेल्याचं काय बिघडतं?

सोपं उत्तर असं, की काहीच बिघडत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा विचार प्रसिद्ध आहे: आपण असतो तेव्हा मरण नसतं, आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. जो नाही त्याला दुखणार काय? पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची बदनामी झाली तरी त्याची मान खाली जात नाही, त्याच्या मुलीचं लग्न मोडत नाही.

पण आपण असं वागत नाही. मरणाऱ्याला दिलेला शब्द पाळतो. मृत्युपत्र मानतो. आजीने सांगितलं होतं म्हणून तिच्या पाटल्या धाकट्या काकूलाच दिल्या, आणि कुणाला वाईट वाटायला आजी तिथे नव्हतीच. म्हणजे माणूस गेल्यावरही त्याचं काहीतरी आपल्याकडे ठेव म्हणून राहतं, असं आपण मनातून मानतो. ती ठेव किती वर्षं राहते? चार महिने नक्की. शंभर वर्षं, कदाचित. पाच हजार?

मला वाटतं, प्रश्न वर्षांचा नाही. न्यूग्रेंजच्या माणसाबाबत खरी अडचण वेगळीच आहे. त्याला काय झाकायचं होतं, हे आपल्याला ठाऊकच नाही.

आपण ज्याला भानगड म्हणतो ती त्याच्या लोकांत उघड गोष्ट असू शकते, अभिमानाचीसुद्धा. इजिप्तच्या फॅरोंत, इंकांच्या राजघराण्यात, हवाईच्या सरदारांत भावाबहिणींची लग्नं होत, आणि सामान्य माणसाला जे निषिद्ध तेच त्यांच्या देवपणाची खूण ठरे. न्यूग्रेंजच्या शेजारी डाउथ नावाचं दुसरं थडगं आहे. त्याच्याबद्दलची मध्ययुगीन आयरिश कथा सांगते, की बांधणाऱ्या राजाने आपल्या बहिणीशी संग केला. कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी आपल्या निबंधात या कथेचीही आठवण काढली. हजारो वर्षांच्या अंतरावरून ती कथा खरोखरच त्या काळाची आठवण आहे का, हे सिद्ध करता येणार नाही. पण ‘आपण त्याचं गुपित फोडलं’ हा मथळा त्यामुळे डळमळतो. गुपित त्याचं होतं की लाज आपली होती?

त्याच निबंधातलं बाळ

इथवर वाचून आत्याची बाजू तुम्हाला पटली असेल, तर त्याच निबंधातली दुसरी गोष्ट सांगते. ती मथळ्यांत फारशी आली नाही.

आयर्लंडच्या पश्चिमेला बरेन नावाचा चुनखडीचा उघडाबोडका माळ आहे. तिथे पूलनाब्रोनचं थडगं उभं आहे. उभ्या दगडांवर एक मोठी सपाट शिळा, लांबून टेबलासारखं दिसणारं. १९८० च्या दशकात त्याच्या एका दगडाला तडा गेल्याचं दिसलं. दुरुस्ती करायची तर पाया उघडावा लागणार, म्हणून ॲन लिंच यांनी उत्खनन केलं. आत तीसपेक्षा जास्त माणसांची हाडं निघाली. त्यांत एक बाळ होतं, मुलगा, सहाएक महिन्यांचा. कॅसिडींच्या गटाने त्याचा डीएनए वाचला तेव्हा कळलं, की त्याला डाउन सिंड्रोम होता. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं बाळ. हाडांतल्या रसायनांवरून हेही कळलं, की ते अंगावर पीत होतं.

म्हणजे कुणीतरी त्याला छातीशी धरून पाजलं. बाळ वेगळं दिसत असणार, नीट ओढून पीत नसेल, ते पाजणारीला कळलं असणार. तरी पाजलं. आणि ते गेलं तेव्हा त्याला, जिथे मोजक्याच माणसांना जागा मिळायची, त्या शिळेखाली ठेवलं.

ज्या यंत्राने त्या पुरुषाच्या आईबापांचं उघडं केलं, त्याच यंत्राने या आईचं दूध आपल्यापर्यंत पोचवलं. झाकलेलं झाकलेलंच राहू द्या, असं म्हणायचं तर दोन्हीला म्हणावं लागेल. मला ते म्हणवत नाही. आजच्या एखाद्या आईला दवाखान्यात तपासणीचा कागद हातात देऊन ‘असं मूल’ म्हणतात, तेव्हा तिला ही साडेपाच हजार वर्षांपूर्वीची सोबत ठाऊक असावी, असं मला वाटतं.

परवानगी कुणाची?

जिवंत माणसाच्या शरीराबाबत आपण संमती मागतो. इथे मागायची कुणाकडे?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. एव्हबरीच्या संग्रहालयात नवाश्मयुगातल्या एका लहान मुलाचा सांगाडा ठेवलेला आहे. १९२० च्या दशकात जवळच्याच विंडमिल हिलवर तो मिळाला होता. लोक त्याला लाडाने ‘चार्ली’ म्हणतात. २००६ मध्ये आजच्या ड्रुइडपंथी लोकांपैकी काहींनी मागणी केली, की हे आमचे पूर्वज आहेत, मुलाला परत मातीत ठेवा. सरकारी यंत्रणांनी लोकांची मतं मागवली, बराच खल झाला आणि २०१० मध्ये मूल संग्रहालयातच ठेवायचा निर्णय झाला.

नंतर या वादाला विचित्र कलाटणी मिळाली. २०१८ मध्ये डीएनएच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं, की इ.स.पू. २५०० नंतरच्या काही शतकांत ब्रिटनमधल्या लोकांचा वंश जवळजवळ पूर्ण बदलला. नव्याने आलेल्यांचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला. ज्यांनी हे दगड उभे केले त्यांचं रक्त आजच्या ब्रिटिशांत थोडकंच आहे. ड्रुइडपंथी त्यांचे वारस नाहीत, तसे संग्रहालयवालेही नाहीत.

आपल्या भाषेत अशा मृतांना ‘बेवारस’ म्हणतात. आणि बेवारस माणसाबद्दल आपल्याकडे एक जुनी समज आहे: ज्याला कुणी नाही त्याचं करायला कुणीही चालतं. रस्त्यावर गेलेल्याला अनोळखी माणूस अग्नी देतो. तर्पणाच्या शेवटीही पाण्याची एक ओंजळ अशांसाठी सोडतात, जे आपले कुणी नव्हते. नातं नसलं की हक्क येत नाही, पण जबाबदारी घ्यायला मज्जावही राहत नाही. न्यूग्रेंजच्या माणसाचे आपण वारस नाही. फार तर, त्याची हाडं ज्यांच्या हातात पडली ते आपण.

उघडणं आणि उघडणं

‘चिरनिद्रा’ हा शब्द आपण या थडग्यांवर लादतो. ती बांधणाऱ्यांनीच ती परत परत उघडली होती. वाट आणि दार ठेवलेलंच होतं त्यासाठी. इंग्लंडमधल्या वेस्ट केनेटच्या लांबट थडग्यात साधारण छत्तीस माणसं होती. तिथे हाडं हलवून, निवडून, रचून ठेवलेली दिसतात. काही कवट्या आणि लांब हाडं कमी भरतात. कुणीतरी ती बाहेर नेली. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात, हाताने वेचतात. त्या लोकांचं सावडणं पिढ्यान्‌पिढ्या चालत असावं.

म्हणून उघडलं की नाही, यापेक्षा कसं उघडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सतराव्या शतकात वेस्ट केनेट परिसरातल्या हाडांवर टूप नावाच्या डॉक्टरची नजर पडली. तो ती खणून नेऊन औषध म्हणून कुटायचा. १८५९ मध्ये तिथे जॉन थर्नम आले. ते मनोरुग्णालयाचे प्रमुख आणि कवट्या जमवणारे. लांब थडग्यांत लांब कवट्या, गोल थडग्यांत गोल कवट्या, असा वंशांचा सिद्धांत त्यांना मांडायचा होता. एकाला पावडर हवी होती, दुसऱ्याला पुरावा. माणूस दोघांनाही नको होता.

नेदरलँड्समध्ये ड्रेंथ भागात अशी पन्नासेक थडगी आहेत. तिथे १६८५ मध्ये टिटिया ब्रोंगर्स्मा नावाच्या कवयित्रीने बोर्गर गावच्या मोठ्या थडग्यात खणलं, मडकी आणि हाडं पाहिली. पुढे समुद्राच्या बांधांची लाकडं एका किड्याने पोखरली, बांधांना दगड लागू लागले आणि थडग्यांच्या शिळांना भाव आला. तेव्हा १७३४ मध्ये ड्रेंथने कायदा करून त्या शिळा हलवायला बंदी घातली. आत कोण आहे हे कुणालाही ठाऊक नव्हतं, तरी.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर रॉनी सिमिसन या शेतकऱ्याला १९५८ मध्ये आपल्याच जमिनीत इझबिस्टरचं थडगं सापडलं. त्याने वाट पाहिली आणि १९७६ मध्ये शेवटी स्वतःच ते खणलं. आत माणसांची सुमारे सोळा हजार हाडं होती. शिवाय समुद्री गरुडांची हाडं आणि नख्या. लगेच गोष्ट तयार झाली: हे गरुडाला कुलदैवत मानणारे लोक. गावाला, पर्यटकांना, पुस्तकांना आवडेल अशी गोष्ट. नंतर गरुडांच्या हाडांचं वय मोजलं तेव्हा ती थडगं बांधल्यानंतर कित्येक शतकांनी आत आलेली निघाली. बांधणाऱ्यांचा आणि गरुडांचा संबंध आपण जोडला होता.

न विचारलेल्या प्रश्नासाठी

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत हेझल्टन नॉर्थ नावाचं थडगं होतं. ‘होतं’ म्हणते, कारण १९७९ ते १९८२ या काळात ॲलन सॅव्हिल यांनी ते पूर्ण खणलं. उत्खनन म्हणजे असं पुस्तक, ज्याचं पान वाचलं की जळून जातं. सॅव्हिल यांनी कुठलं हाड कुठे होतं याची काटेकोर नोंद ठेवली. तेव्हा इतक्या जुन्या हाडांतून डीएनए वाचता येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्याला कधीच कळणार नाही अशा कुणाच्यातरी प्रश्नासाठी त्यांनी नोंदी केल्या.

तो प्रश्न चाळीसेक वर्षांनी आला. २०२१ मध्ये पस्तीस माणसांचा डीएनए वाचला गेला. त्यांतली सत्तावीस एकाच घराण्याची, पाच पिढ्यांची निघाली. मूळ पुरुष एक आणि त्याच्यापासून मुलं झालेल्या बायका चार. दक्षिणेच्या दालनात दोघींची शाखा, उत्तरेच्या दालनात दुसऱ्या दोघींची. म्हणजे आई कोण, यावरून जागा ठरत होती. आणि काही पुरुष असे, की ज्यांची आई या घराण्यात आलेली, पण बाप बाहेरचा. सावत्र मुलगे. त्यांना घराण्याच्या थडग्यात इतरांसारखीच जागा मिळालेली होती.

हे वाचताना मला हेवा वाटला. आमच्या वंशावळीच्या कागदावर बायकांची नावंच नाहीत.

आणि न्यूग्रेंजचा ‘राजा’? २०२५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी सगळा पुरावा परत तपासला. त्यांचं म्हणणं असं: एका कवटीच्या तुकड्यावरून राजा, राजघराणं, सत्ता हे सगळं उभं करता येत नाही. तिथे अनेकांच्या हाडांचे तुकडे मिसळून ठेवलेले होते. हा एकटाच कुणी विशेष होता, असं म्हणायला आधार नाही. त्याच्या आईबापांचं नातं खोटं ठरलं नाही. पडला तो मुकुट, जो आपणच त्याच्या डोक्यावर चढवला होता.

मला वाटतं, अपराध कुठे घडतो ते इथे दिसतं. हाड उचलताना नाही. हाड बोललं त्यापेक्षा जास्त आपण त्याच्या तोंडी घालतो तेव्हा. जिवंत माणूस अशा वेळी म्हणू शकतो, “थांबा, तसं नव्हतं.” मेलेला म्हणू शकत नाही. तेवढं एक वाक्य त्याच्या वतीने आपण राखून ठेवायचं असतं. ‘बहुधा’, ‘असावं’, ‘आत्ता इतकंच दिसतं’ हे शब्द शास्त्रज्ञ लिहितात आणि मथळे खाऊन टाकतात. मला आधी ते शब्द भित्रे वाटायचे. आता त्यांत अदब दिसते.

फोनमधला फोल्डर

त्या बातमीनंतर कधीतरी मी आजीच्या पत्रांचे फोटो उघडले. सगळी पत्रं वाचली. आत्याला सांगितलेलं नाही.

वाचलं याचा पश्चात्ताप नाही. आजीला मी आयुष्यभर आजी म्हणूनच ओळखत होते. त्या पत्रांमुळे ती आधी कुणीतरी होती, हे मला कळलं. पण वाचल्यानंतर काही महिने मी मनात तिची एक गोष्ट रचली. सुरुवात, वळण, दुःख, सगळं नीट बसवलं. ती गोष्ट मैत्रिणींना सांगायचीही तयारी झाली होती. मग एकदा पत्रांच्या तारखा नीट लावून पाहिल्या आणि माझी गोष्ट जमेना. मधली पत्रं नव्हती. तिने लिहिलेली तर एकही नव्हती, सगळी तिला आलेली. अर्ध्या बोलण्यावरून मी पूर्ण माणूस उभा केला होता. गरुडांसारखाच.

म्हणून पत्रांत काय होतं ते इथे लिहिलं नाही. पत्रं होती, एवढं सांगितलं, तेही कदाचित जास्तच झालं.

फोल्डर अजून फोनमध्ये आहे. पुसणार नाही. माझ्या पुतणीला तो कधीतरी देईन, पत्रांच्या तारखा लिहून. सोबत तिची आजी, म्हणजे माझी आई, आणि माझी आत्या यांना जे आठवतं तेही लिहून ठेवेन, त्यांना सांगावंसं वाटलं तर. माझी गोष्ट त्यात घालणार नाही. तिला कदाचित असं काही दिसेल, जे मला विचारायचं सुचलंही नाही.